हजेरीपटाबाहेरची आई

पश्चिम महाराष्ट्रात शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते, तमाशाचे दसऱ्याला. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये येतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत, चैत्र-वैशाखात, सातारा-सांगलीच्या गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. फडाच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा वाटा याच पाच-सहा आठवड्यांत पदरात पडतो. बुद्धपौर्णिमेच्या आसपास फड मोडतो, कलावंत घरी परततात आणि महिन्याभरात शाळा उघडते. म्हणजे आई घरी असते तेव्हा मुलाला सुट्टी तरी असते किंवा वर्षाची नुसती सुरुवात झालेली असते. ज्या सत्रावर त्याचा निकाल ठरतो त्या सत्रात आई रोज वेगळ्या गावी असते. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसत नाही हे कोणालाही दिसते. प्रश्न असा, की आजवर तो बसवत कोण होते आणि यापुढे कोण बसवणार आहे.

हाच हंगाम ऊसतोडीचाही असतो, आणि तिथे ही विसंगती निदान शासनाच्या लक्षात तरी आली. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड हे उपाय अपुरे असतील, पण ऊसतोड मजुराचे मूल ही एक मान्य झालेली प्रशासकीय कोटी आहे. ती मान्य होण्याचे एक कारण संख्या आणि दुसरे, अधिक निर्णायक, मुक्काम. तोडणी कामगारांची टोळी एका फडावर, एका कारखान्याच्या हद्दीत, काही आठवडे तरी टिकते. तमाशाचा फड एका रात्रीपुरता उतरतो. (दोन्ही व्यवसायांनी ‘फड’ आणि, आगाऊ रकमेसाठी, ‘उचल’ हे शब्द वाटून घेतलेले आहेत, पुढे दिसेल तसे ते साम्य शब्दांपुरते नाही.) शिक्षणहक्क कायद्याने मुलाला दुसऱ्या शाळेत प्रवेश मागण्याचा आणि दाखला विनाविलंब मिळण्याचा अधिकार दिला आहे खरा, पण जे गाव पहाटे सोडायचे त्या गावच्या शाळेत तो अधिकार बजावायचा कसा?

सातारा-सांगलीचा पट्टा या प्रश्नासाठी निवडण्याचे कारण आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीत केले. सांगलीजवळच्याच अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि पुढे म्हैसाळ, तासगाव या गावांनी सर्कशीचा धंदा वाढवला. तमाशा-लावणीतले पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू कवलापूरचे, यमुनाबाई वाईच्या, मंगला बनसोडे यांचा फड कराडजवळच्या करवडीचा. आणि गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०१७ च्या ‘लागिरं झालं जी’पासून, साताऱ्याभोवतीची गावे दूरचित्रवाणी मालिकांची चित्रीकरणस्थळे झाली आहेत. रंजनव्यवसायाचे इतके वेगवेगळे प्रकार इतक्या जवळ क्वचितच नांदतात, आणि काम करणाऱ्या आईचे काय करायचे या प्रश्नाला प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले आहे. प्रतिष्ठित संगीत-गद्य नाटकाचे उत्तर सर्वांत सोपे होते: स्त्रीच रंगमंचावर आणायची नाही. भाव्यांच्या नाटकात सीता पुरुष होता, आणि पुढची अनेक दशके ही रीत टिकल्यामुळे नाटक कंपन्यांना बाळंतपणाचा विचारच करावा लागला नाही. तो विचार पडला तमाशावर.

तमाशाने त्याचे जे उत्तर शोधले ते नीट पाहायला हवे, कारण आज जे नाहीसे होते आहे ते हेच उत्तर आहे. ढोलकी फड ही कंपनी नसते. तो मुख्यतः नात्यागोत्याचा, काही घराण्यांभोवती जमलेला गोतावळा असतो, आणि मोठ्या फडात तो शंभराच्या आसपास माणसांपर्यंत जातो. रात्री रंगपटात एका कोपऱ्यात पेट्या उघडलेल्या असतात, दुसऱ्या कोपऱ्यात खांबाला साडीची झोळी बांधलेली असते. गण चालू असताना पायांत चाळ बांधणारी बाई मांडीवरच्या पोराला पाजून घेते आणि ढोलकीचा तुकडा ओळखीचा आला की उठते. “आक्का, पोराकडं बघा, माझी गवळण लागली,” एवढ्या एका वाक्यावर मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जाते. ही आक्का कोण असते? कधी सासू, कधी मावशी, कधी वगात तिसऱ्या अंकाशिवाय काम नसलेली वयस्क नटी, कधी वय झाले म्हणून नाच सोडून स्वयंपाकाकडे वळलेली बाई. पहाटे कनात उतरते, सामान आणि माणसे गाडीत चढतात, मुले वाटेत झोपतात, नव्या गावी उजाडल्यावर चुली पेटतात. या सगळ्यात मुलाच्या संगोपनावर खर्च म्हणून एक पैसाही कुठे लिहिला जात नाही, पण श्रम लागतात आणि ते फडच पुरवतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर फड हा उत्पादनाचा आणि पुनरुत्पादनाचा एकत्रित घटक होता. रंजन विकायचे आणि रंजन करणारी पुढची पिढी वाढवायची ही दोन्ही कामे तो एकाच तंबूत करत होता.

कलेचे संक्रमणही त्याच तंबूत होई. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून विठाबाई घडल्या, विठाबाईंच्या मंगलाताई, आणि मंगलाताईंच्या फडाच्या नावात आज मुलगा नितीनकुमार यांचे नाव जोडलेले आहे. कांताबाई सातारकर साताऱ्यात वाढल्या, तुकाराम खेडकरांच्या फडात नावारूपाला आल्या, खेडकरांच्या निधनानंतर मुलांना घेऊन नव्याने उभ्या राहिल्या, आणि रघुवीर खेडकरांनी तो फड पुढे नेला. संगीतबारीच्या बाजूने पाहिले तर यमुनाबाई वाईकरांना लावणीचे पहिले धडे मिळाले ते आई गीताबाईंकडून. या उदाहरणांना घराणेशाहीचे कौतुक म्हणून पाहू नये. त्यांतून दिसते ते इतकेच, की या कलांत शिकण्याची संस्था आणि सांभाळण्याची संस्था एकच होती. मूल रंगपटात होते कारण त्याला दुसरीकडे ठेवायची सोय नव्हती. आणि ते रंगपटात होते म्हणूनच त्याला लहान वयातच कितीतरी रचना पाठ असत. संगोपनाची व्यवस्था मोडली की शिक्षणाची व्यवस्था आपोआप मोडते, त्यासाठी वेगळे काही घडावे लागत नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. विठाबाई नऊ महिन्यांच्या गरोदर असताना बोर्डावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्यावर आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि उरलेला खेळ पूर्ण करायला परत आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. ती कलानिष्ठेची परमावधी म्हणून सांगितली जाते. तीच घटना एखाद्या कापड गिरणीत घडली असती तर तिला आपण दुसरे नाव दिले असते, चौकशी मागितली असती, मालकाला दंड व्हावा असे म्हटले असते. आख्यायिका होण्याची ही प्रक्रिया निरुपद्रवी नाही: एका टोकाच्या असुरक्षिततेला आदर्श मानले की त्यापेक्षा कमी असुरक्षितता सामान्य वाटू लागते. विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाले. २००२ मध्ये त्यांचा शेवट झाला तो हलाखीतच. आणि त्यानंतर त्यांच्याच नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, ज्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई होत्या. शासनाने गौरव केला तो आयुष्याच्या अखेरीचा. बाळंतपणाच्या वर्षाबद्दल त्याच्याजवळ काहीही नव्हते.

संगीतबारीत तर ही किंमत अधिक उघडपणे मुलांकडून वसूल झाली. ज्या स्त्रीने नाचावे तिने लग्न करू नये हा तिथला नियम, त्यामुळे मूल आईच्या नावाचे आणि बहुधा आजोळी वाढणारे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली आले आणि या व्यवस्थेतल्या मुलाच्या बाजूने काय दिसते ते मराठी वाचकाला पहिल्यांदा इतक्या थेटपणे कळले. शाळेच्या अर्जावरचा वडिलांच्या नावाचा रकाना हा त्यातला एक छोटा पण रोजचा छळ. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, आईचे नाव अनिवार्य करण्याचा राज्याचा निर्णय त्या रकान्याचा काही भाग सोडवतो. रकाना सुटला, आई रात्री दोन वाजता कुठे असेल आणि मूल कोणाजवळ, हा भाग तसाच आहे.

आता मोडतोड कशी होते आहे ते पाहू. तमाशाला प्रेक्षक उरला नाही हे सर्वसाधारण स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. यात्रा भरतात, गावे वर्गणी काढतात, सुपाऱ्या दिल्या जातात. बदलले आहे ते सुपारी कशाची द्यायची याचे उत्तर. संपूर्ण फडाऐवजी पाच-सात नर्तिका, एक निवेदक आणि ध्वनिमुद्रित गाणी एवढ्यावर कार्यक्रम होतो आणि तो गावाला स्वस्त पडतो. यात एक बाह्य कारणही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि सवलतीचे दिवस मोजकेच असतात. नियम योग्य आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण जो खेळ रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचा त्याला तीन तासांत बसवायचे झाले की काय कापायचे, याचा निर्णय घ्यावाच लागतो. गण राहतो, गवळण थोडक्यात उरकते, गाणी वाढतात. कापला जातो तो वग.

वग कापला जाणे ही कलेच्या इतिहासाची हानी म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. तिची श्रमबाजारातली बाजू मात्र फारशी कोणी पाहत नाही. वगात राणी लागते, राजमाता लागते, कजाग सासू लागते, न्याय मागणारी विधवा लागते. पस्तिशी ओलांडलेल्या, दोन बाळंतपणे झालेल्या, आवाज कमावलेल्या बाईला तिथे काम असते, आणि तरुणपणी नाचलेली बाई पुढे वगावर सरकते. कांताबाई पुरुष भूमिकाही गाजवत. गाण्यांच्या कार्यक्रमात अशी चढती शिडी नसते. तिथे विशीतला देह लागतो आणि तो बदलला की बाई बदलते. त्यामुळे आई होणे हा पूर्वी कामाच्या स्वरूपात बदल घडवणारा प्रसंग होता, तो आता काम संपवणारा प्रसंग होऊ लागला आहे. शिवाय वगातल्या त्या वयस्क बायकाच रंगपटात पोरे सांभाळत होत्या. वग गेल्यावर आक्का गेली, आणि आक्का गेल्यावर तान्ह्या बाळाची आई फडाबरोबर फिरू शकत नाही. एकाच कात्रीने दोन पिढ्यांच्या बायका बाहेर पडतात, आणि वरकरणी हे कोणी कोणाला काढून टाकले असे दिसतही नाही.

बाहेर पडलेली बाई जाते कुठे, याचे एक उत्तर चित्रीकरण हे आहे. साताऱ्याच्या आसपास मालिका आली की गावातल्या बायकांना काम मिळते: गर्दीतल्या भूमिका, दोन वाक्यांची शेजारीण, स्वयंपाक, कपडेपट, केशभूषा. काम उजेडात असते, गावाजवळ असते, आणि तमाशाचा शिक्का त्यावर नसतो. ही तिन्ही आकर्षणे खरी आहेत. पण कामाची घडण अशी, की आठवड्यातून सहा दिवस भाग दाखवायचा तर चित्रीकरण जेमतेम काही भागांनी पुढे असते, त्यामुळे दिवसाची पाळी बारा तासांची ठरते आणि त्यापुढेही लांबते. ‘कॉल टाइम’ आदल्या रात्री उशिरा कळतो. सकाळी सातला बोलावलेली बाई दुपारी चारपर्यंत नुसती बसून राहू शकते, पण ती सेट सोडून शाळेतून मुलाला आणायला जाऊ शकत नाही. मोबदला अनेकदा ९० दिवसांनी येतो. म्हणजे दूध, औषध, शाळेची गाडी यांचा तीन महिन्यांचा खर्च तिने उसनवारीवर चालवायचा आणि निर्मितीसंस्थेला नकळत बिनव्याजी कर्ज द्यायचे. आणि टीआरपी घसरला की मालिका काही आठवड्यांत आटोपते, चित्रीकरणाचा वाडा रिकामा होतो, युनिट मुंबईला परतते. मुख्य भूमिकेतल्या अभिनेत्रीची अडचण वेगळ्या जातीची आहे, कारण तिच्या गरोदरपणाचा निर्णय कथानकावर परिणाम करतो. पण तिच्याकडे करार असतो, आणि सौदा करण्याची ताकदही. शेजारणीकडे दोन्ही नसते.

आता कायद्याकडे वळतो, आणि इथे थोडा बारकाईने हिशेब करायला हवा. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने तो घोडेस्वारी, कसरती ‘व इतर प्रयोग’ दाखवणाऱ्या आस्थापनांना लागू झाला. डोळ्यांसमोर सर्कस होती, पण शब्दशः वाचले तर तमाशाचा तंबूही त्या ‘इतर’ मध्ये बसू शकला असता. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले, आणि या तरतुदींचा गाभा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पात्रतेची अट तीच: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत, ज्याच्याकडून लाभ मागायचा त्या मालकाकडे, किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम.

८० दिवस ही सवलतीची अट आहे असे कोणालाही वाटेल. सात महिन्यांच्या हंगामात ती सहज भरावी. पण चैत्रात प्रसूती होणार असलेल्या नर्तिकेचे वर्ष मांडून पाहा. मागच्या चैत्र-वैशाखातला साधारण महिनाभर तिने काम केले. नंतर दसऱ्यापर्यंत फड बंद. दसऱ्याला तिसरा महिना, आणि पाचव्या महिन्याच्या पुढे काही किलो वजनाचे चाळ बांधून नाचणे शक्य नाही असे धरले तर हाती येतात आणखी दोन महिने. रोज खेळ झाला, एकही खाडा पडला नाही, पावसाने एकही यात्रा बुडाली नाही, तर ती ८० च्या काठावर पोचते. त्यातही मागचा हंगाम एका फडात आणि हा दुसऱ्या फडात असेल, जे नेहमीचे आहे, तर कोणत्याच मालकाकडे तिचे ८० दिवस भरत नाहीत. आश्विनात प्रसूती असेल तर मात्र पूर्ण हंगाम मोजला जातो. म्हणजे एकाच बाईचा, एकाच कामाचा हक्क गर्भधारणा कोणत्या महिन्यात झाली यावर अवलंबून राहतो. कायदा करणाऱ्यांचा तसा हेतू नव्हता. त्यांच्यासमोर बारमाही चालणारा कारखाना होता, एवढेच.

मालिकेतल्या शेजारणीचे गणित याहून सरळ आहे. महिन्याला पाच-सहा दिवस काम, तेही को-ऑर्डिनेटरमार्फत, दोन-तीन निर्मितीसंस्थांकडे विभागलेले. वर्षाला साठ-सत्तर दिवस झाले तरी ते कोणा एकाच्या नावावर जमत नाहीत. व्यावसायिक सुरक्षा संहितेने ‘दृक्‌श्राव्य कामगार’ ही नवी व्याख्या आणली, जुन्या १९८१ च्या कायद्यात फक्त चित्रपट होते तिथे आता मालिकाही आल्या, लेखी करार आवश्यक ठरला. ही प्रगती मान्य करायला हवी. पण तंबूतला खेळ दृक्‌श्राव्य निर्मिती नाही, त्यामुळे तमाशाची बाई त्या व्याख्येबाहेरच राहते.

आणि ज्यांना लाभ लागू होईल त्यांच्या बाबतीतही एक प्रतिकूल प्रेरणा दडलेली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद नसलेल्या ठिकाणी २६ आठवड्यांच्या वेतनाचा सगळा भार त्या एका मालकावर पडतो. फडमालक, आणि त्यांत बायकाही आहेत, स्वतः हंगामापूर्वी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलून कलावंतांना उचल वाटतात. अशा मालकाला हा कायदा उद्या काटेकोरपणे लावला तर तो पाळणाघर काढणार नाही; तो नव्याने लग्न झालेल्या मुलीला कामावर घेणार नाही. संरक्षण जितके कडक, तितकी ज्यांचे संरक्षण करायचे त्यांनाच टाळण्याची प्रेरणा मोठी, हा धोका लहान आस्थापनांच्या बाबतीत सर्वत्र असतो. इथे तो जवळजवळ निश्चित आहे.

एक विसंगती जाता जाता नोंदवण्यासारखी. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतरचे नियम चित्रीकरणात अभिनय करणाऱ्या मुलाबद्दल चांगलेच तपशीलवार आहेत: दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही, मिळकतीतला पाचवा हिस्सा त्याच्या नावे ठेव. कॅमेऱ्यासमोर पाळण्यात झोपलेल्या बाळाचे तास मोजले जातात. त्याच वाड्याच्या मागच्या ओसरीवर, आईचे काम संपायची वाट बघत, सकाळपासून बसलेले मूल कोणत्याच नियमाच्या भाषेत उपस्थित नाही.

हे असेच चालू राहिले तर काय होईल, याचा अंदाज बांधायला फार कल्पना लागत नाही, कारण त्यातले प्रत्येक पाऊल आजच टाकले जात आहे. आया पंचविशी-तिशीत बाहेर पडतील. त्यांची जागा भरायला अधिक तरुण, अधिक दुरून आलेल्या, नात्यागोत्याचे संरक्षण नसलेल्या मुली लागतील. त्यांची कारकीर्द लहान असेल, म्हणून उचल मोठी आणि अटी कडक असतील. बाहेर पडलेल्या बायका मुलींना हा व्यवसाय शिकवणार नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. मुलीने नर्स व्हावे, पोलीस व्हावे असे वाटणाऱ्या आईला कलेच्या वारशाचे ओझे देण्याचा अधिकार प्रेक्षकांना नाही. पण मग हा वारसा शिकण्याचे दुसरे ठिकाण उभे राहिले पाहिजे, आणि ते उभे नाही. विद्यापीठांतले लोककला विभाग तमाशाचा अभ्यास करतात, प्रमाणपत्रे देतात. दहा वर्षे रोज रात्री वग ऐकून तयार होणारा कान ते तयार करू शकत नाहीत, तशी त्यांच्याकडून अपेक्षाही नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत टाळेबंदीने चैत्राच्या यात्रा बुडाल्या तेव्हा या साखळीची पुढची अवस्था दिसून गेली: फड मोडले, आणि उचल फेडण्यासाठी बायका मिळेल त्या कामाला लागल्या. नाट्यसृष्टीही थांबली होती, पण तिथल्या बहुतेकांना परतायला घर आणि दुसरे उत्पन्न होते.

ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५,००० रुपयांचे मानधन मिळते, ते योग्यच आहे, पण त्यासाठी आधी ज्येष्ठ होईपर्यंत व्यवसायात टिकावे लागते. मधल्या पंधरा वर्षांसाठी जे हवे ते महाराष्ट्राने दुसऱ्या क्षेत्रात एकदा करून दाखवले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे तुटक तुटक काम करणाऱ्या हमालांसाठी मंडळे काढली. प्रत्येक मालक मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरतो, आणि कामगाराचे दिवस मंडळाच्या वहीत एकत्र जमतात. रंजनव्यवसायासाठी तसे मंडळ काढायचे तर चित्रीकरणाच्या परवानगीतून आणि यात्रा कमिट्यांच्या सुपारीतून लेव्ही घेता येईल. फड आणि मालिका यांतले दिवस एकाच खात्यावर मोजता येतील. आणि प्रसूतीचा भार एका मालकावरून उतरल्यामुळे तरुण बाईला टाळण्याचे कारणही उरणार नाही. शाळेच्या बाजूने, सातारा-सांगलीत जी हंगामी वसतिगृहे ऊसतोड मुलांसाठी चालतात त्यांत फडातल्या मुलांना जागा देणे हा तर एका परिपत्रकाचा विषय आहे.

अडथळा पैशांचा कमी आणि वहीचा जास्त आहे. मंडळाच्या खात्यावर दिवस जमायचे तर कोणी कोणत्या रात्री, कोणत्या गावी, किती पैशांवर काम केले हे लिहिले गेले पाहिजे. ते लिहिले की उचलही लिहावी लागेल, आणि उचल लिहिली की सावकाराचा व्याजदरही कागदावर येईल. फडमालकाला ते परवडत नाही, कारण पुढच्या हंगामाचे भांडवल त्याच सावकाराकडून यायचे असते. कलावंत स्त्रीलाही ते नकोसे वाटते, कारण आषाढात मुलाची फी भरायला कोऱ्या चिठ्ठीवर पैसे देणारा तोच एक मालक असतो. बँका हंगामी फडाला कर्ज देत नाहीत, कारण त्याच्याकडे वह्या नसतात. त्यामुळे सुरुवात प्रसूतीच्या रजेपासून करायची की फडाच्या भांडवलापासून, हा क्रमाचा प्रश्न आधी सोडवावा लागेल, आणि माझ्या मते उत्तर दुसरे आहे: दसऱ्यापूर्वी फडमालकाला रास्त दराने, सुपाऱ्यांच्या करारपत्रांवर, संस्थात्मक कर्ज मिळू लागले, तरच तो हजेरीपट ठेवायला तयार होईल. जिल्हा मध्यवर्ती बँका उसाच्या उभ्या पिकावर कर्ज देतात. यात्रा कमिटीने सही केलेली सुपारी ही त्याहून कमी खात्रीची वस्तू आहे असे म्हणणे कठीण आहे.